डावी टाच

“कुंकू घाल अजून. गुलाबी पावलं काय करायचीत? लालभडक उठली पाहिजेत,” आत्ती म्हणाल्या.

मी परातीतल्या पाण्यात आणखी मूठभर कुंकू कालवलं. उंबऱ्यापासून माजघरातल्या गौरीच्या जागेपर्यंत कोरं पांढरं धोतर अंथरलेलं होतं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या तासगावाकडं सासूला आत्तीच म्हणतात. दरवर्षी त्या गौरीची पावलं रांगोळीनं काढायच्या, मूठ टेकवून आणि वर पाच टिकल्या देऊन. त्या वर्षी मात्र महिनाभर आधीच त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं, “औंदा आमच्या घरात चालती गौर हाय. रांगोळीची पावलं कशाला?”

चालती गौर म्हणजे माझी शर्वरी. सतरा महिन्यांची. पहिलं पाऊल टाकून तिला जेमतेम दीड महिना झाला होता.

मी उंबऱ्याबाहेर तेरड्याची गौर हातात घेऊन उभी होते. आत्तींनी शरूला काखेत धरून तिचे दोन्ही पाय परातीत बुडवले आणि तिला धोतरावर उभं केलं. शेजारच्या चार-पाच बायका दाटीवाटीनं भिंतीला टेकल्या होत्या.

“गौर आली, गौर आली, कशाच्या पावलानं आली?”

“सोन्यारुप्याच्या पावलानं आली!”

शरू खिदळली आणि निघाली. तिच्यामागून मी. बायकांचं सगळं लक्ष तिच्या तोंडाकडं होतं. माझं खाली, कारण तिच्या ओल्या पावलांवर माझा पाय पडायला नको होता.

उजवं पाऊल. पाच बोटं, तळवा, टाच. डावं पाऊल. पाच बोटं, अर्धा तळवा, पुढं पांढरं धोतर. पुन्हा उजवं, टाचेसकट. पुन्हा डावं, टाच नाही. गौर जागेवर बसेपर्यंत धोतरावर अकरा पावलं उठली. सहा पुरी आणि पाच अर्धी.

“दुडुदुडु बघा कशी!”

“बदकच आहे गं बाई! कंबर बघ कशी हलवती!”

“आत्ती,” मी हळूच म्हटलं, “डाव्या पायाची टाच एकदाही उठली नाही.”

“घाईची गौर हाय ती,” आत्ती हसून म्हणाल्या. “कुंकू लागलं नसंल नीट. चल, आधी हळदीकुंकू वाहा.”

संध्याकाळी मी शरूचे पाय धुवायला बसले. उजव्या टाचेवरचं कुंकू धोतराला पुसून फिकट झालं होतं. डाव्या टाचेवर ते दाट होतं, वाळून पापुद्रा धरलेलं. म्हणजे लागलं होतं. टेकलं नव्हतं.

मी तो पाय हातात धरून किती वेळ बसले होते कोण जाणे. पाणी निवून गेलं.

माझं असं का होतं ते सांगायला बिरनाळे सरांपर्यंत मागं जायला हवं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला ते आम्हाला इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या टेबलावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा आणि त्यात चिठ्ठ्या. एकेका चिठ्ठीवर चालण्याचं एकेक इंग्रजी क्रियापद. ‘वॉक’च्या पुढं आमची धाव नव्हती. डिक्शनरी उघडावी तर सगळ्या शब्दांपुढं फिरून फिरून ‘चालणे’च. सर म्हणायचे, “डिक्शनरीवाला खुर्चीत बसून लिहितो. तुम्ही उठा.” चिठ्ठी काढायची, दारापासून फळ्यापर्यंत तसं चालून दाखवायचं, आणि वर्गानं शब्द ओळखायचा. कुणाला ‘स्ट्रोल’ यायचा, काहीच काम नसलेल्या माणसाची रमतगमत चाल. कुणाला ‘स्ट्राइड’, त्यात सरपंच पाहणीला निघाल्यासारख्या लांब ढांगा. ‘ट्रज’ म्हणजे दिवसभर द्राक्षाच्या बागेत राबून ढेकळांतून पाय ओढत घरी येणं.

मला आला ‘लिंप’. मी गुडघा धरला, ओठ चावले, डोळे मिचकावत फळ्यापर्यंत गेले. वर्ग फिदीफिदी हसला.

“गिरिजा,” सर म्हणाले, “तुझा चेहरा लंगडतोय. पाय धडधाकट आहेत.”

त्यांनी मला तासभर एस.टी. स्टँडवर बसून यायला सांगितलं. “लोकांच्या तोंडाकडं बघायचं नाही. चाल पायातसुद्धा शोधायची नाही, कमरेत शोधायची. आणि मग डोळे मिटून ऐकायची.”

मी गेले. एक तासाचे तीन तास झाले. वहीत लिहून आणलं की ‘शफल’वाल्याचे पाय उचलतच नाहीत, नुसता घासल्याचा आवाज येतो. ‘वॉडल’वाला दोन्ही अंगांना डुलतो, पण सारखा डुलतो, म्हणून आवाजही सारखा. ‘टॉडल’ करणारं एक बाळ होतं, हात वर, पाय फाकलेले, कुठंही कलंडेल असं; पण डावीकडं जितकं तितकंच उजवीकडं. आणि ‘लिंप’मध्ये माणूस एका पायावर कमी वेळ थांबतो. एक पाऊल लांब, एक आखूड. आवाजाचा तालच चुकतो.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यापर्यंत पुन्हा चालले. या वेळी कुणी हसलं नाही. कारण त्या दिवशी मी माझ्या कमळामावशीसारखी चालले होते.

कमळामावशी आईची धाकटी बहीण. जन्मभर माहेरीच राहिली. तिला पाहायला आलेली माणसं चहा पिऊन जायची. चहा घेऊन तीच बाहेर यायची ना, स्वयंपाकघरापासून पुढच्या सोप्यापर्यंत चालत. गावात तिला ‘लंगडी कमळी’च म्हणत. चाळिशीत तिची कंबर इतकी दुखायची की ती भाकऱ्या उभ्यानं थापायची. आणि आजीला विचारलं की आजी सांगायची, “लहानपणी काय गोड चालायची! दुडुदुडु. बदकावाणी. आम्ही मुद्दाम चालवत होतो तिला, बघायला.”

गौरीच्या दिवशी बायका जे बोलल्या त्यात नवं काहीच नव्हतं. मी ते आधी ऐकलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही गावातल्या लहान मुलांच्या डॉक्टरांकडं गेलो. बाहेर तापाच्या पोरांची रीघ लागलेली. शरूनं दारातूनच भोकाड पसरलं ते माझ्या गळ्याला मिठी मारूनच. खाली ठेवली की पाय आखडून घ्यायची.

“काय होतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“चालताना लंगडते, असं वाटतं.”

“पडली होती? ताप? दुखतं का कुठं?”

“नाही.”

“किती दिवस झाले चालायला लागून?”

“दीड महिना.”

डॉक्टर हसले. चांगले होते बिचारे, पण बाहेर वीस पोरं रडत होती. “ताई, या वयाच्या मुलांना टॉडलर का म्हणतात? टॉडल करतात म्हणून. तीन महिने जाऊ द्या, आपोआप सरळ चालेल.”

रस्त्यात मी शरूचा डावा पाय हातात धरून बसले होते. विरूपाक्षनं, माझ्या नवऱ्यानं, स्कूटर बाजूला घेतली. “झालं समाधान?”

“अहो, त्यांनी तिला चालताना पाहिलंच नाही.”

“अगं, तू इंग्रजीत बी.ए. केलंस. हाडांत नाही.”

त्याचंही खरं होतं. बाळंतपणापासून माझी काळजी घरात थट्टेचा विषय झाली होती. शरू शिंकली तरी मी थर्मामीटर काढायची. तो बेदाण्याच्या शीतगृहात सुपरवायझर, दिवसभर तापमानाचे आकडे बघून घरी आला की म्हणायचा, “इथं पण तेच!” लांडगा आला रे आला करणाऱ्या पोराचं एकदा खरं असतं, एवढं मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही.

आणि मलाही खात्री नव्हती. तेच वाईट होतं. मी कमळामावशीला शरूमध्ये बघत होते, की शरूला?

म्हणून ठरवलं, सर म्हणायचे तसं करायचं. तोंडाकडं बघायचं नाही.

पेटीतली जुनी वही काढली आणि मागच्या कोऱ्या पानावर तारीख घातली. पहिल्या दिवशी न्हाणीतून शरूला ओल्या पायांनी शहाबादी फरशीवर सोडलं. चार वेळा. चारही वेळा डावी टाच कोरडी. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही पायांत आत्तींनी केलेले घुंगरांचे वाळे घातले आणि मी भिंतीकडं तोंड करून डोळे मिटले.

छुम… छुमछुम… छुम… छुमछुम.

“काय चाललंय गं तुझं?” आत्ती दारात उभ्या होत्या. “पोरगी तिकडं चालतीया आणि तू भिंतीला काय बघतीस?”

“ऐकतेय.”

“डोळं मिटून?”

“डोळे उघडे असले की ती गोड दिसते, आत्ती.”

त्या आत गेल्या. पण जाताना क्षणभर थबकल्या, हे मी पाठमोरी असूनही ओळखलं. चालीचा आवाज थांबला की कळतं.

वहीत मी एकेक शब्द खोडत गेले. टॉडल? नाही, टॉडल दोन्हीकडं सारखं कलंडतं आणि रोज थोडं कमी होतं. हे रोज तसंच होतं, आणि एकाच बाजूला. वॉडल? तेही दोन्ही अंगांचं. शफल? पाय तर ती उचलत होती. तिसऱ्या दिवशी मी तिच्या मागं रांगत रांगत माझे डोळे तिच्या कमरेच्या पातळीला नेले. डाव्या पायावर भार आला की कमरेची उजवी बाजू खाली जायची, आणि पडू नये म्हणून ती अंग डावीकडं टाकायची. तेच ते ठुमकणं, ज्यावर सगळी गल्ली फिदा होती. चौथ्या दिवशी लंगोट बदलताना तिचे दोन्ही गुडघे दुमडून टाचा गादीवर शेजारी शेजारी ठेवल्या. डावा गुडघा उजव्यापेक्षा बोटभर खाली.

वहीत एकच शब्द उरला. त्याच्याखाली मी रेघ मारली नाही. वही मिटली आणि उठले.

धोतर देवघराच्या कपाटात, कापराच्या डबीखाली चौघडी करून ठेवलेलं होतं. मी ते काढून पिशवीत घालत होते तेवढ्यात आत्ती आल्या.

“हे कुठं?”

“दवाखान्यात. डॉक्टरांना दाखवायला.”

“लक्ष्मीची पावलं?” त्यांचा आवाज चढला. “देवाच्या कपाटातलं कापड त्या औषधाच्या टेबलावर टाकणार तू? गोमूत्र शिंपडून ठेवलंय मी ते!”

“शरू तिथं चालत नाही आत्ती, रडते. मग तिची पावलंच न्यायला हवीत.”

“काय झालंय तिच्या पायाला? अं? पाच महिने त्या पायाला ऊन लागू दिलं नाही मी! न्हाऊ घातल्यावर रोज पाय सरळ करून, दुपट्यात घट्ट बांधून निजवली. का? तर फेंगडी होऊ नये म्हणून. माझ्या चार पोरांचे पाय बघ जा, सागाच्या सोटासारखे आहेत. माझ्या हातात खोट काढायला निघालीस?”

“तुमच्या हाताचं मी काहीच म्हणत नाही.”

“मग?”

विरूपाक्ष डबा घेऊन कामावर निघाला होता, तो मध्येच अडकला. एकदा आईकडं, एकदा माझ्याकडं बघत म्हणाला, “गिरिजा, डॉक्टरांनी तीन महिने सांगितलेत ना? मग तीन महिन्यांनी जाऊ की.”

“कमळामावशीला पण असंच जाऊ की, जाऊ की झालं,” मी म्हटलं. “एक दिवस माझं ऐका. काही निघालं नाही तर जन्मभर मला वेडी म्हणा, मी चहा करून देईन वेडी म्हणायला येणाऱ्यांना. पण आज मी जाणार. तुम्ही सोडलंत तर स्कूटरवर, नाहीतर चालत.”

मी त्याच्याशी अशी कधी बोलले नव्हते. त्यानं डबा ओट्यावर ठेवला आणि किल्ली घेतली.

“देवाचं कापड हाय,” आत्ती पुन्हा म्हणाल्या, पण आता हळू.

“देवाला दवाखान्यातलं दिसत नाही असं थोडंच आहे, आत्ती.”

त्या दिवशीही रीघ होती. आमची पाळी आल्यावर मी खुर्चीवर बसले नाही. दार लोटून घेतलं, टेबलापासून दारापर्यंत फरशीवर धोतर पसरलं. डॉक्टरांची नर्स “अहो, अहो” करत राहिली.

“डॉक्टर, दोनच मिनिटं. तुम्ही त्या दिवशी म्हणालात, टॉडल करते. हे टॉडल नाही. टॉडल दोन्हीकडं सारखं असतं. ही लिंप करते. दुखत नाही, तरी लिंप करते. डाव्या पायावर कमी वेळ थांबते. त्या पायावर भार आला की कमरेची उजवी बाजू खाली जाते. आणि ही बघा, डावी टाच. अकरा पावलांत एकदाही नाही.”

हे सगळं मी स्कूटरवर मागं बसून पाठ केलं होतं.

डॉक्टर टेबलामागून बाहेर आले. आणि तेवढ्यात शरूनं, जी माझ्या खांद्याला गोचिडासारखी चिकटलेली होती, मान वळवून खाली पाहिलं. लाल पावलं! तिनं ओळखली. अंग सोडून दिलं, घसरत खाली उतरली, दारापाशी गेली, आणि आपल्याच पावलांवर पाय ठेवत चालायला लागली. एका पावलावर एक पाय, नेम धरून. पुरं पाऊल, अर्धं पाऊल, पुरं पाऊल, अर्धं पाऊल.

डॉक्टर फरशीवर उकिडवे बसले. हसत होते ते हसायचे थांबले.

“परत चालवा,” ते म्हणाले.

तिला सांगावं लागलं नाही. ती परत निघालीच होती.

त्यांनी तिला टेबलावर झोपवलं, गुडघे दुमडून मांड्या बाजूला उघडून पाहिल्या. उजवी मांडी सहज उघडली. डावी मध्येच अडली.

“ताई, हे मी तेव्हाच बघायला हवं होतं,” ते म्हणाले. “आजच मिरजेला जा. मी चिठ्ठी देतो. तिथं फोटो काढतील.”

दारात विरूपाक्ष उभा होता. त्यानं वाकून धोतर उचललं आणि घडी घालायला लागला. घडी त्याला जमत नव्हती.

मिरजेच्या हाडांच्या डॉक्टर एक बाई होत्या, पन्नाशीच्या, आवाज करडा. पहिल्या दिवशी फोटो काढून झाले; दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं होतं, तेव्हा आत्तीही आल्या. त्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं. सकाळी पातळ बदलून, थर्मासमध्ये दूध भरून स्कूटरऐवजी एस.टी.नं जायचं म्हणून दारात तयार उभ्या होत्या.

डॉक्टरबाईंनी फोटो उजेडावर धरला. “हा उजवा खुबा. मांडीच्या हाडाचं गोल डोकं वाटीत बसलंय, बघा. आणि हा डावा. डोकं वाटीत नाही. निसटून वर सरकलंय. म्हणून हा पाय आखूड, म्हणून टाच टेकत नाही. ती टाच उचलून चालत नाही हो, तिची टाच जमिनीपर्यंत पोचतच नाही.”

मी मान हलवली.

“चालायला लागल्यावर दीड-दोन महिन्यांत कुणी येत नाही आमच्याकडं. पाच-सहा वर्षांची झाली, शाळेत पोरं चिडवायला लागली की येतात. तोवर हाड घट्ट झालेलं असतं. आत्ता ऑपरेशन केलं तर चांगलं होईल. आता मला काही माहिती द्या. पोटात कशी होती? पायाळू?”

“नाही.”

“पहिली मुलगी?”

“हो.”

“घरात कुणाला असं होतं?”

“माझ्या मावशीला. तिला कुणी कधी दाखवलंच नाही.”

त्यांनी लिहून घेतलं. मान वर न करता विचारलं, “पहिले काही महिने बाळाला पाय सरळ करून घट्ट बांधत होता का?”

आत्ती दाराजवळच्या स्टुलावर थर्मास मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उत्तर देऊन झालं असतं.

“हो,” मी म्हटलं. “मी बांधायचे.”

ते खोटं नव्हतं. पहिला महिना एकट्या आत्तींनी बांधलं, मग मीही शिकले. आणि मी त्यांच्यापेक्षा घट्ट बांधायची. मला सगळंच बरोबर करायचं होतं ना. दुपट्याचं टोक सैल राहिलं तर मी रात्री उठून आवळायची.

स्टूल सरकल्याचा आवाज आला.

“डॉक्टरीणबाई,” आत्ती म्हणाल्या, “तिला मी शिकवलं. ल्हिवायचं असलं तर माझं नाव ल्हिवा.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. आमच्या दोघींकडं पाळीपाळीनं पाहिलं. आवाजातला करडेपणा थोडा उतरला.

“नाव कुणाचंच लिहायचं नाही, आजी. मुलगी, त्यात पहिली, घराण्यात आधी एक. त्यात बांधणं. चार गोष्टी एकत्र येतात, एकीवर खापर फोडता येत नाही. पण पुढच्या बाळाचे पाय मोकळे ठेवायचे. बेडकासारखे दुमडलेले असतात ना, तेच बरोबर असतं. आणि हिला आता आपण तसेच पाय फाकवून तीन-साडेतीन महिने प्लॅस्टरमध्ये ठेवणार.”

“फाकवून?” आत्तींनी विचारलं. “म्हणजे फेंगडे?”

“अगदी फेंगडे.”

आत्तींनी थर्मासचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. “ठेवा,” त्या म्हणाल्या.

ऑपरेशननंतरचे ते साडेतीन महिने मी इथं सगळे सांगत बसत नाही. छातीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर घातलेलं पोर उचलणं म्हणजे पाट्यासकट वरवंटा उचलणं. लघवीला कसं न्यायचं, कूस कशी बदलायची, आत खाज सुटली की काय करायचं, सगळं मी आणि आत्ती मिळून शिकलो. आत्ती तिला कमरेवर आडवी घेऊन गल्लीत फिरायच्या. एकदा शेजारची एक म्हातारी म्हणाली, “लक्ष्मीची पावलं घराबाहेर नेली नं सुनेनं, म्हणून हे भोग आले.”

मी आत तांदूळ निवडत होते. आत्तींचं उत्तर मला खिडकीतून ऐकू आलं.

“नेली म्हणून कळलं. तुम्ही आणि मी तर टाळ्याच वाजवत होतो.”

प्लॅस्टर निघालं तेव्हा शरूचे पाय काड्यांसारखे झाले होते. मग पट्टे, व्यायाम, पुन्हा रांगणं, भिंत धरून उभं राहणं. चैत्रात ती हात सोडून दोन पावलं चालली आणि बसली. मी वही उघडली नाही. मला भीती वाटत होती. विरूपाक्षनं एकदा विचारलंही, “लिहीत नाहीस हल्ली?” मी म्हटलं, “गौरीला लिहीन.”

या सगळ्याला आता नऊ वर्षं होतील. शरू शाळेत लंगडी खेळते, त्यातही डाव्या पायावर, आणि माझ्या आजोळी गेलो की अंगणातही; कमळामावशी ओट्यावर बसून तिच्याकडं बघून हसते. पण माझ्या मनात ऑपरेशननंतरची पहिली गौरच राहिली आहे.

आत्तींनी कपाटातलं तेच धोतर काढलं. जुनी पावलं फिकी होऊन विटकरी झाली होती. “नवीन आणूया का?” मी विचारलं.

“कशाला? हेच पाहिजे. ह्याच्या शेजारून चालव.”

कुंकू त्यांनी स्वतः कालवलं, परात लाल होईपर्यंत. या वेळी शेजारच्या कुणाला बोलावलं नव्हतं. गौर विरूपाक्षच्या हातात दिली. पुरुषानं गौर धरलेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली. मी शरूचे पाय परातीत बुडवले आणि तिला धोतराच्या टोकाशी उभं केलं.

“गौर आली, गौर आली,” विरूपाक्ष म्हणाला, आणि पुढं त्याला काय म्हणतात ते आठवेना.

गुडघे धरत धरत आत्ती खाली बसल्या, मग हात टेकून ओणव्या झाल्या, आणि त्यांनी आपला चष्मा फरशीजवळ नेला. तोंडाकडं बघायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

शरू निघाली. उजवं पाऊल. डावं पाऊल.

“टाच,” आत्ती म्हणाल्या.

उजवं. डावं.

“टाच.”

त्या तिच्याबरोबर फरशीवरून सरकत होत्या, पदर कुंकवात भिजत होता. जुन्या अर्ध्या पावलांच्या शेजारून नवी पुरी पावलं उठत चालली होती. मी डोळे मिटून घेतले. घुंगरांचे वाळे आता तिला होत नव्हते. नुसते ओले तळवे. टप, टप, टप, टप. किती वेळ ऐकत राहिले तरी त्यात लहानमोठं काही सापडलं नाही.

आत्ती तशाच ओणव्या राहून, चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, “गिरिजा, गेल्या वर्षी तू त्या डॉक्टरला धडाधड शब्द सांगितलेस म्हणं. विरू सांगत होता. असं चालण्याला एक, तसं चालण्याला एक.”

“हो.”

“मग ह्याला काय म्हणायचं, तुझ्या इंग्रजीत?”

मी वहीतलं ते पान आठवलं, खोडलेल्या शब्दांचं.

“वॉक,” मी म्हटलं.

“एवढंच?”

“एवढंच.”

आत्तींनी शेवटच्या डाव्या टाचेच्या ठशाशेजारी बोट टेकवलं, ओलं आहे की नाही बघितल्यासारखं.

“परात आण इकडं,” त्या म्हणाल्या. “अजून एकदा चालव तिला.”